हार्वर्डचं 'इंडियन' कॉलेज

बॉस्टनमधे राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांना दोन ठिकाणी न्यावंच लागतं. एक एमआयटीचा घुमट आणि दुसरं हार्वर्ड यार्ड. पीएच.डी.च्या वर्षांत हे काम मी इतक्या वेळा केलं आहे की शिष्यवृत्ती बंद झाली असती तर गाईड म्हणून पोट भरता आलं असतं.

हार्वर्ड यार्डातलं मुख्य आकर्षण म्हणजे जॉन हार्वर्डचा पुतळा. खुर्चीत बसलेले गृहस्थ, गंभीर चेहरा आणि डाव्या बुटाचं टोक सोन्यासारखं चकाकणारं. त्याला हात लावला की नशीब उघडतं, असं प्रवासी मानतात. (आमच्या मावशीने हात लावून तो कपाळालाही लावला होता!) पुतळ्याखाली लिहिलं आहे, 'जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८'. याला तिथली मुलं 'तीन थापांचा पुतळा' म्हणतात. कारण जॉन हार्वर्डचं एकही चित्र उपलब्ध नाही, त्यामुळे १८८४ साली हा पुतळा घडवताना शिल्पकाराने एका विद्यार्थ्याला समोर बसवलं. दुसरं, तो संस्थापक नव्हताच. त्याने मरताना आपली अर्धी मालमत्ता आणि सुमारे चारशे पुस्तकं कॉलेजला दिली, म्हणून त्याचं नाव लागलं. आणि तिसरं, कॉलेजची स्थापना १६३८ ची नाही, १६३६ ची. ज्या विद्यापीठाचं बोधवाक्य 'सत्य' आहे, त्याच्या अंगणात हे असं.

आई-बाबा आले तेव्हा ही सगळी गंमत त्यांना सांगून झाली. आई चालून दमली होती म्हणून आम्ही मॅथ्यूज हॉल नावाच्या वसतिगृहाजवळ टेकलो. तिथे भिंतीवर १९९७ साली लावलेली एक पाटी आहे. आईने सवयीप्रमाणे ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबून म्हणाली, "अरे, इंडियन कॉलेज! म्हणजे आपली माणसं सतराव्या शतकापासून इथे येतायत!"

मी हसलो. पण खरं सांगायचं तर त्या पाटीवरून मी आधी कितीतरी वेळा गेलो होतो आणि ती एकदाही वाचली नव्हती. म्हणून आईला सांगितलं की हे इंडियन म्हणजे आपण नव्हे, कोलंबसाच्या चुकीमुळे 'इंडियन' ठरलेले इथले मूळ रहिवासी. पण त्यांचं कॉलेज हार्वर्डमधे? सतराव्या शतकात? मलाच नीट माहीत नव्हतं. पुढे शोधत गेलो तेव्हा जे सापडलं ते आज सांगतो.

हार्वर्ड कॉलेजला १६५० साली सनद मिळाली. ती सनद आजही लागू आहे. तिच्यात कॉलेजचा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे: या देशातल्या इंग्रज आणि इंडियन तरुणांना ज्ञान आणि धर्मनिष्ठा यांचं शिक्षण देणं. 'इंग्रज आणि इंडियन', दोघांचाही उल्लेख एकाच वाक्यात. आता यात शुद्ध परोपकार किती आणि व्यवहार किती, हा प्रश्न आहेच. कॉलेजची आर्थिक स्थिती तेव्हा अगदी ओढगस्तीची होती आणि तिकडे इंग्लंडमधे १६४९ साली न्यू इंग्लंडच्या मूळ रहिवाशांत धर्मप्रसार करण्यासाठी एक संस्था निघाली होती. तिच्याकडे पैसा होता. इंडियन मुलांना शिकवतो म्हटलं की इमारतीला पैसे मिळत होते. (संशोधनासाठी अनुदानाचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ही पद्धत फारच ओळखीची वाटली.)

तर त्या पैशातून १६५५ च्या सुमारास 'इंडियन कॉलेज' उभं राहिलं. दोन मजली आणि विटांचं. यार्डातली ही पहिली विटांची इमारत. साधारण वीस विद्यार्थी राहतील एवढी सोय होती. पण तेवढे मूळ रहिवासी विद्यार्थी कधीच आले नाहीत. ज्यांची नावं माहीत आहेत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रिकाम्या खोल्यांत इंग्रज मुलं राहू लागली.

जे आले त्यांची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. मार्थाज व्हिनयार्ड नावाचं एक बेट बॉस्टनच्या दक्षिणेला आहे. आज ते श्रीमंतांच्या सुट्टीचं ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या वाम्पानोआग जमातीतले दोन मुलगे, केलब चीशाटोमक आणि जोएल आयाकूम्स, आधी लॅटिन शाळेत शिकून मग हार्वर्डमधे दाखल झाले. तेव्हाच्या हार्वर्डमधे प्रवेशासाठी लॅटिन वाचता आणि बोलता यावं लागे. पुढे ग्रीक आणि हिब्रूही. म्हणजे या मुलांची आधी स्वतःची भाषा, मग इंग्रजी, आणि खरं शिक्षण तिसऱ्या-चौथ्या भाषेत. इंग्रजी माध्यमात पहिल्यांदा गेल्यावर घाबरलेल्या आपल्यासारख्यांनी यावर विचार करावा. केलबने १६६३ साली इंग्लंडमधल्या देणगीदारांना लॅटिनमधे लिहिलेलं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या दप्तरात आजही आहे.

१६६५ साली दोघांचं शिक्षण पूर्ण होत आलं. पदवीदानाच्या थोडं आधी जोएल घरच्यांना भेटायला बेटावर गेला. परत येताना नॅन्टकेट बेटाजवळ जहाज फुटलं आणि तो मारला गेला. केलबने एकट्याने पदवी घेतली. पुढच्याच वर्षी तो क्षयाने गेला. एलियाझर नावाचा आणखी एक मुलगा लॅटिन आणि ग्रीकमधे कविता करण्याइतका तयार झाला होता. तोही पदवीआधीच वारला. १६७५-७६ मधे इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यात भयंकर युद्ध झालं. त्यानंतर इंडियन मुलांना शिकवण्याची भाषा कोण करणार? १६९८ साली इमारत पाडली. तिच्या विटा दुसऱ्या इमारतीला वापरल्या. अट एवढीच ठेवली की पुढे कोणी इंडियन विद्यार्थी आलाच तर त्याला त्या नव्या इमारतीत बिनभाड्याची जागा द्यावी.

इथवर कागदावरचा इतिहास. पण ती इमारत नेमकी होती कुठे? कॉलेजच्या दप्तरात तिचा नकाशा नाही, मोजमाप नाही. आणि तिथे राहणारी मुलं दिवसभर काय करत, काय खात, हे तर कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. हे शोधण्याचं काम केलं विद्यार्थ्यांनी.

२००५ साली इंडियन कॉलेजला ३५० वर्षं झाली. त्या निमित्ताने हार्वर्डच्या मानवशास्त्र विभागाने आणि पीबडी संग्रहालयाने एक अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तो दर एक-दोन वर्षांआड होत राहिला. पहिल्या सत्रात यार्डात प्रत्यक्ष उत्खनन आणि दुसऱ्या सत्रात प्रयोगशाळेत सापडलेल्या वस्तूंचा अभ्यास. खोदणारे म्हणजे पदवीचे विद्यार्थी. त्यातले बरेचसे पुरातत्त्वाशी काही संबंध नसलेले.

एका शरद ऋतूत मी हे काम पाहिलं. पानं लाल-पिवळी झालेली, थंडी पडू लागलेली आणि एरवी जिथे मुलं पुस्तक घेऊन लोळतात त्या हिरवळीवर दोऱ्या लावून आखलेले चौकोनी खड्डे. मी उत्खनन म्हणजे कुदळ-फावडं समजत होतो. इथे मुलं गुडघ्यावर बसून गवंड्याच्या थापीसारख्या छोट्या हत्याराने माती अक्षरशः खरवडत होती. एकेक पातळ थर काढायचा, ती माती बादलीत भरायची, चाळणीतून चाळायची, जे उरेल ते थराप्रमाणे वेगळ्या पिशवीत घालायचं. मातीचा रंगसुद्धा छापील रंगपट्टीशी ताडून वहीत लिहायचा. खड्ड्याजवळच्या मुलीला मी विचारलं, काय सापडलं? ती म्हणाली, "आज? आज फक्त माती सापडली. पण ती वेगळ्या रंगाची आहे." आणि तिला खरोखर आनंद झाला होता!

हे कोडं मला नंतर उलगडलं. जमीन एकदा खणली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पायाचा चर खणा, तो बुजवा, वर गवत लावा, तीनशे वर्षं जाऊ द्या. आडवा थर नीट खरवडला की आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो. इमारतीच्या विटा कोणी उचलून नेल्या तरी तिचा चर कुणालाच नेता येत नाही. २००९ सालच्या उत्खननात विद्यार्थ्यांना असाच पायाचा चर मिळाला. तो इंडियन कॉलेजचा आहे, असा तिथल्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

आता वस्तूंकडे येऊ. यार्डात काय काय मिळालं? दारूच्या बाटल्यांच्या काचा, मातीच्या भांड्यांचे तुकडे, हाडं, बटणं आणि पांढऱ्या मातीच्या चिलमींचे तुकडे. आता कॉलेजचे त्या काळचे नियम पाहा. तंबाखू ओढायची असेल तर प्राचार्यांची परवानगी, आईवडिलांची संमती आणि शिवाय वैद्याने दिलेलं कारण हवं. एवढं करूनही ती चारचौघांत ओढायची नाही. एवढे सगळे कागद गोळा करून किती मुलांनी चिलीम पेटवली असेल ते तुम्हीच ठरवा. कोणत्याही वसतिगृहाचे नियम वाचून तिथल्या मुलांचं आयुष्य कळेल का? आमच्या वसतिगृहाच्या नियमावलीत खोलीवर स्वयंपाक करायला सक्त मनाई होती. आणि मागच्या अंगणात पाचशे वर्षांनी कुणी खणलं तर त्याला जळक्या हीटरच्या किमान वीस कॉइल मिळतील, याची मी हमी देतो.

या चिलमींनी माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र वेड लावलं. मातीच्या चिलमीचा लांब दांडा सहज मोडायचा. चिलीम स्वस्त, मोडली की फेकली. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमेरिकेतल्या प्रत्येक वस्तीत हे तुकडे ढिगाने मिळतात. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाच्या लक्षात आलं की काळ पुढे सरकतो तशी दांड्याची भोकं बारीक होत जातात. दांडे लांब होत गेले, म्हणून भोक पाडायची तार बारीक झाली. १९५४ साली त्याने याचा तक्ताच मांडला. भोक मोजायचं साधन काय? साधी ड्रिलची बिटं! इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मिळणारी. जे बिट घट्ट बसेल तो व्यास. पुढे १९६१ साली लुईस बिनफर्डने त्याच आकड्यांवर सरळ रेष बसवून सूत्र दिलं:

वर्ष = १९३१.८५ − (३८.२६ × भोकाचा सरासरी व्यास, चौसष्टांश इंचात)

आता यात ७ घालून पाहा. उत्तर येतं १६६४. केलबच्या पदवीच्या आदल्या वर्षाचं! मी कागदावर हा हिशोब केला तेव्हा अंगावर काटा आला. ५ घातले तर १७४० च्या आसपास येतो, म्हणजे इमारत पाडून चाळीस वर्षं होऊन गेलेली.

अर्थात इंजिनिअरने लगेच भाबडं होऊ नये. हे सूत्र सरासरीचं आहे. एक तुकडा हातात घेऊन 'हा १६६४ चा' म्हणणं म्हणजे एका माणसाची उंची मोजून गावाची सरासरी सांगणं. पुरेसे तुकडे हवेत, ते एकाच न विस्कटलेल्या थरातले हवेत, आणि नंतर कुणी तिथे पाण्याचा पाइप टाकायला खणलेलं नसावं. यार्डात साडेतीनशेहून अधिक वर्षं सतत माणसं राहत आली आहेत, त्यामुळे असं खणणं पुष्कळदा झालेलं आहे. म्हणूनच प्रत्येक थराची पिशवी वेगळी ठेवायचा तो सगळा खटाटोप. वस्तू कुठल्या थरातून आली हे लिहिलं नसेल तर ती नुसती एक जुनी वस्तू. प्रयोगाची वही नीट न ठेवल्याने सहा महिन्यांचं काम फुकट गेलेल्या माणसाला (म्हणजे मला) हे वेगळं समजवावं लागत नाही.

यार्डात मिळालेली माझ्या मते सगळ्यांत मोलाची वस्तू आहे नखाएवढी. छापखान्याचे धातूचे काही खिळे. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींतला पहिला छापखाना केंब्रिजमधेच होता आणि पुढे तो इंडियन कॉलेजच्या इमारतीत हलवला होता. तिथे १६६३ साली एक संपूर्ण बायबल छापून झालं. त्या वसाहतींत छापलेलं हे पहिलं बायबल, आणि ते इंग्रजीत नाही! ते आहे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत. त्यावर नाव जॉन इलियट या धर्मप्रचारकाचं. पण खिळे जुळवणाऱ्यांत निपमक जमातीचा एक तरुण होता. त्याचं मूळ नाव वोवाउस, छापखान्यात शिकून तयार झाल्यावर त्याला जेम्स प्रिंटर म्हणू लागले. पुढे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी खुद्द इलियटने लिहून ठेवलं आहे की मजकूर समजून खिळे जुळवणारा आणि चुका दुरुस्त करणारा हा एकच माणूस आपल्याकडे आहे.

हे वाचताना मला आपला गोवा आठवला. भारतात पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, चांगल्या जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं. पण रोमन लिपीत, कारण नागरीचे खिळेच नव्हते. त्याच्या त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी मराठीचं काही अडलं नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरी होती, तुकोबांचे अभंग होते, घरोघर जात्यावरच्या ओव्या होत्या. वाम्पानोआग लोकांची गोष्ट उलटी झाली. एकोणिसाव्या शतकात त्यांची भाषा बोलणारं कुणीच उरलं नाही. उरलं ते हे बायबल आणि त्यांच्याच पूर्वजांनी लिहिलेली पत्रं, जमिनीचे दस्तऐवज असले कागद. १९९३ पासून जेसी लिटल डो बेअर्ड या वाम्पानोआग बाईंनी त्यांच्या आधारे भाषा पुन्हा उभी करायला घेतली. त्यासाठी एमआयटीमधे भाषाशास्त्र शिकून २००० साली पदवी घेतली आणि स्वतःच्या मुलीला ती भाषा घरात बोलून वाढवलं. ज्या पुस्तकाने त्यांचा धर्म बदलायचा होता, त्याच पुस्तकातून त्यांनी आपली भाषा परत काढून घेतली.

आता थोडी कटू बाजू. अमेरिकेतल्या पुरातत्त्वाचा आणि मूळ रहिवाशांचा पूर्वीचा संबंध चांगला नाही. त्यांच्या पूर्वजांच्या कबरी उकरून हाडं संग्रहालयांत नेऊन ठेवली गेली. पीबडी संग्रहालयही याला अपवाद नाही. ती परत करण्यासाठी १९९० साली कायदा करावा लागला आणि ते काम अजून संपलेलं नाही. त्यामुळे यार्डातलं उत्खनन मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींच्या प्रार्थनेने सुरू होतं आणि त्यात त्यांच्या विद्यार्थ्यांचाही सहभाग असतो, याला नुसत्या उपचारापेक्षा जास्त अर्थ आहे. ज्यांच्यावर संशोधन व्हायचं तेही आता खड्ड्यात उतरून प्रश्न विचारतायत.

मग केलबची म्हणता येईल अशी एखादी वस्तू मिळाली का? नाही. ही चिलीम इंग्रज मुलाने ओढली की वाम्पानोआग मुलाने, हे सांगता येत नाही. दोघे एकाच छपराखाली राहिले, एकाच तऱ्हेच्या भांड्यांत जेवले आणि एकाच अंगणात कचरा टाकला. मला आधी हे उत्खननाचं अपयश वाटलं होतं. आता वाटतं, 'इंग्रज आणि इंडियन' हे सनदेतलं वाक्य या जमिनीच्या तुकड्यावर थोडी वर्षं तरी खरं झालं होतं, याचा याहून चांगला पुरावा कोणता असणार? पुढे ते मोडलं हेही खरंच. आणि एकदा मोडल्यावर ते दिवस कुणाला आठवावेसे वाटले नाहीत, हेही.

मे २०११ मधे हार्वर्डने जोएल आयाकूम्सला मरणोत्तर पदवी दिली. ३४६ वर्षं उशिरा. त्याच समारंभात त्याच बेटावरच्या वाम्पानोआग जमातीच्या एका विद्यार्थिनीने पदवी घेतली. केलबनंतर हार्वर्ड कॉलेजची पदवी घेणारी ती त्या जमातीतली पहिलीच. मधे साडेतीन शतकं. आदल्या वर्षी, २०१० मधे, केलबचं तैलचित्रही हार्वर्डच्या भोजनगृहात लागलं. त्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही, तेव्हा तोही जॉन हार्वर्डसारखा कल्पनेतलाच. असो. फिटंफाट म्हणायची.

आता पाहुण्यांना घेऊन गेलो की पुतळ्याचा बूट दाखवून मी त्यांना मॅथ्यूज हॉलकडे नेतो आणि पाटी वाचायला लावतो. "आपली माणसं?" असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मग आम्ही तिथेच हिरवळीच्या कडेला बसतो आणि मी केलब-जोएलची गोष्ट सुरू करतो. आईने मात्र ती पूर्ण ऐकून घेतल्यावर एकच प्रश्न विचारला होता. "त्या पोराच्या आईला कसं कळवलं असेल रे?"

हे कुठल्याच थरात मिळत नाही.